गाठीच्या दोन्ही बाजूंना

दुपारी घरून जेवून दुकानाकडे परतताना दिवेवाल्याला रस्त्याच्या पार त्या टोकाला सासऱ्यांची मोटरसायकल दिसली, आणि ती उभी होती साडूच्या दुकानापुढे. हिरवी टाकी, टाकीला डावीकडे पोचा, सीटच्या कडेला दोन जाड टाके. तरी त्याने स्वतःची समजूत घातली, की अशा गाड्या पुष्कळ असतात. नंबर वाचता येईल इतका जवळ गेला. नंबर वाचला. मग चोरी जणू त्यानेच केली असावी तसा मान खाली घालून माघारी वळला, आणि दुकानात येऊन चार्जर उगाचच बंद करून पुन्हा चालू केला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी ती गाडी घेतली. तेव्हापासून, म्हणजे तेवीस वर्षं, तिच्या वायरिंगला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. सासरे पूर्वी टपाल वाटायचे. आता निवृत्त झाले तरी उजाडायच्या आधी उठायची सवय गेली नव्हती, म्हणून रोज अंधारातच तळ्यावर पोहायला जायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांना दोनच गोष्टींचा लळा होता, एक तळं आणि दुसरी ही गाडी. तळं काही दिवेवाल्याच्या हातात नव्हतं. गाडी होती. थोरला जावई म्हणून त्या घरात त्याचं जे काही वजन होतं, ते या गाडीच्या जोरावर होतं, असं तो मनातल्या मनात धरून चालला होता.

दिवेवाला हे काही त्याचं नाव नव्हे. दुकानाच्या पाटीवर एकेकाळी ‘मोटरसायकलचे दिवे, हॉर्न, बॅटरी व वायरिंगची सर्व कामे’ असं लिहिलेलं होतं. उन्हाने बाकीची अक्षरं खाल्ली आणि ‘दिवे’ तेवढे ठेवले. आधी गिऱ्हाइकं दिवेवाले म्हणू लागली, मग गल्ली, आणि रागात असली की बायकोसुद्धा. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर वायरीची भेंडोळी, कोपऱ्यात गुरगुरणारा चार्जर, विटेच्या तुकड्यावर टेकवलेली, जोडावर कथील वितळवायची सोल्डरिंगची इस्त्री. मीटर नव्हता, आणि तो नसल्याचा त्याला अभिमान होता. त्याचं सगळं काम टेस्ट-लॅम्पवर चालायचं. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. वायरीला सुई लावायची. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही.

आणि त्याची गाठ. वायरीला जोड दिला की हा त्यावर टेप गुंडाळायचा, आणि टेपवर मेण लावलेला दोरा. दोरा बायको घरी मेणबत्तीवर घासून द्यायची. बरोबर सात वेढे, आणि गाठ अशी की दोऱ्याचं टोक आत गडप. इतर मेकॅनिकांना टाकीखाली तो दोरा दिसला की ते म्हणायचे, हे दिवेवाल्याचं काम आहे, पुढे बघा. हे वाक्य त्याच्या कानावर आलं, की त्या दिवशी तो घरी जाताना शीळ घालायचा.

आता साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भाऊ नाही, की कडाकडा भांडून मोकळं व्हावं, आणि परका नाही, की ओळखच दाखवू नये. दोन बहिणींचे दोन नवरे जन्मभर एकमेकांशेजारी ठेवून पाहिले जातात, दोन हातांत दोन वांगी धरून पाहावीत तसे. साडू इतकी वर्षं मोठ्या शहरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होता, तोवर ठीक होतं, कारण तुलना करायला वांगं एकच हाताशी होतं. सात महिन्यांपूर्वी तो परत आला आणि त्याला नेमकी याच रस्त्यावर जागा मिळाली. आधी विचारायला आला होता.

‘दादा, तुमची हरकत असेल तर मी दुसरीकडे बघतो.’

‘रस्ता काय माझ्या मालकीचा आहे?’ दिवेवाला म्हणाला.

साडूने हा होकार समजून हात जोडले. हाच त्याचा दोष होता, त्याला टोमणा कळत नसे. किंवा कळत असे आणि तो दाखवत नसे. सात महिने झाले तरी यातलं खरं काय, ते दिवेवाल्याला ठरवता आलं नव्हतं, आणि त्याची जास्त जळजळ यामुळेच होत होती.

बाकी डोळ्यांत खुपायला सामान भरपूर होतं. काचेचा दरवाजा. गिऱ्हाइकांना बसायला दोन खुर्च्या. ‘मोटरसायकल नीट करायला आलेत का लग्नाला?’ असं दिवेवाला त्या खुर्च्यांबद्दल शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारायचा. आणि तो पिवळा मीटर. त्याला दोन वायरी, टोकांना सुया. सुई टोचली की आकडा. ‘आकडा वाचता आला म्हणजे वायरिंग येतं होय?’ हेही त्याने पंक्चरवाल्याला इतक्यांदा विचारलं होतं, की पंक्चरवाला आता नुसतीच मान हलवायचा. साडूला तो पाण्यात पाहत होता. हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असून काही फरक पडत नव्हता.

गाडीचं दुखणं तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं. समोरचा दिवा मंद पिवळा पेटायचा, गाडी जागेवर उभी असली की आणखी बसायचा, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बॅटरी उतरायची. दिवेवाल्याने आधी बल्ब बदलला. मग बॅटरी बदलली. नवी बॅटरी चार दिवस नीट चालली आणि पुन्हा मान टाकू लागली, तेव्हा त्याने ती काढून चार्जरवर लावली. टेबलावर ती ठणठणीत. गाडीत घातली की आजारी. तिसऱ्या खेपेला त्याने चार्ज करणारं युनिटच नवं टाकलं, सगळ्या वायरींना टेस्ट-लॅम्प लावून पाहिला, सगळीकडे तो झकास पेटला, आणि त्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘आता दोन वर्षं बघायला नको.’

दोन आठवडेही गेले नाहीत. पहाटे तळ्याच्या वाटेवर दिवा मावळला. सासऱ्यांना रस्त्यावर झोपलेलं कुत्रं दिसलं नाही. ऐनवेळी ते चुकवायला म्हणून वळले आणि खडीच्या ढिगात गेले. कुत्रं वाचलं. सासऱ्यांचा गुडघा फुटला.

आणि आता गाडी तिकडे.

‘मामांनी गाडी तिकडे नेली,’ संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

‘माहीत आहे. धाकटीचा फोन आला होता.’

‘म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.’

‘अहो, गुडघा फुटलाय त्यांचा. चौथ्यांदा पुन्हा तुमच्याकडेच आणायची होती का?’

तिच्या हातात दोऱ्याची रीळ होती. ती मेणबत्तीवर दोरा घासत होती, रोजच्यासारखी.

‘दोरा कशाला घासतेस आता? मीटरवाले आहेत ना तुमच्याकडे.’

बायकोने दोरा खाली ठेवला. ‘एक सांगू? तो माणूस कधी तुमच्याविषयी वाकडा शब्द बोलत नाही.’

‘बोलायला हवं होतं,’ दिवेवाला म्हणाला. हे तो अगदी मनापासून बोलला. साडू एकदा, फक्त एकदा, काही वाकडं बोलला असता, तर त्याला कितीतरी हलकं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस दिवेवाल्याला रस्त्याच्या त्या टोकाला भलतीच कामं निघाली. एकदा काडेपेटी संपली. एकदा चप्पल शिवायची होती. एकदा तर तो सरळ चालत गेला आणि कोपऱ्यावरून तसाच माघारी आला. काचेच्या दरवाज्यापुढे चाल मंद करायची, मान सरळ ठेवायची आणि डोळे तेवढे वळवायचे, हे त्याला छान साधलं. पहिल्या दिवशी टाकी उतरवलेली दिसली, गाडीचा सांगाडा उघडा. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही टाकी खालीच होती, आणि साडू गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसला होता. दिवेवाल्याला आतून गुदगुल्या झाल्या. त्याचं एकच मागणं होतं, याच्याकडून ही गाडी दुरुस्त होऊ नये. सासऱ्यांचा गुडघा, तळ्याची अंधारी वाट, सगळं डोळ्यांसमोर असूनही त्याला तसंच वाटत होतं. आणि वाटतंय याची लाजही वाटत नव्हती.

त्याच दुपारी सासरे गाडी घेऊन त्याच्या दुकानापुढे उतरले. गुडघ्याला पट्टी, चेहऱ्यावर थोडा संकोच.

‘नाही जमलं बुवा त्याला,’ ते म्हणाले. ‘म्हणाला, मला काही सापडत नाही, दादांनाच सापडेल. मेन वायर तेवढी दादांना एकदा नीट बघू द्या, म्हणाला.’

‘आता मेन वायर मला तो दाखवणार,’ दिवेवाला म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्याने सासऱ्यांना स्टूल दिलं, चहा मागवला, पंक्चरवाल्यालाही मागवला. ‘तीन दिवस,’ तो पंक्चरवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. ‘मीटर, काच, खुर्च्या, सगळं असून तीन दिवस. मामा, तुम्ही घरी जाऊन आराम करा. उद्या पहाटे गाडी तळ्यावर.’

सासरे गेले. त्याने सीट काढली, टाकी उतरवली, आणि बॅटरीपासून पुढे जाणारी जाड लाल वायर बोटांत धरली. सगळ्या गाडीचा जीव या एका वायरीत. बॅटरीतून दिव्याला जायचं ते इथूनच, आणि इंजिनाकडून बॅटरीत भरायचं तेही इथूनच. अर्ध्यावर त्याची गाठ होती. दोरा काळा पडलेला, पण सातही वेढे जागच्या जागी. सवयीने त्याचं बोट गाठीवरून पुढे सरकलं, आणि अडलं.

वायरीवर एक गुलाबी ठिपका होता. नेलपॉलिशचा. त्याने नखाने तो खरवडला. खाली सुई टोचल्याचं बारीक भोक निघालं, आतलं तांबं चमकलं. मीटरची सुई टोचायची आणि भोकातून पाणी आत जाऊ नये म्हणून वरून थेंब लावायचा, हे साडूचं काम. धाकटीची बाटली ढापली असणार. दिवेवाला हसला आणि दुसरे ठिपके शोधू लागला. एक बॅटरीजवळ सापडला, एक पार किल्लीच्या स्विचपाशी. मग दोन्हीकडून थोडे थोडे जवळ येत गेलेले. शेवटचे दोन त्याच्या गाठीच्या अल्याड आणि पल्याड, एकेक बोट अंतरावर. त्यानंतर कुठेही टोचलेलं नव्हतं.

त्याचं हसू गेलं. बत्तीस वर्षं तो बिघाड शोधत आला होता. शोधणारा माणूस कधी थांबतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

गाठीला त्याने ब्लेड लावलं. बाहेरून टणक असलेला जोड आतून हिरवा निघाला. तांब्याचा भुगा झाला होता. अर्ध्या तारा तुटलेल्या, उरलेल्या नुसत्या एकमेकींना टेकून होत्या. आणि सोल्डरचा एक कणही नव्हता.

मग त्याला तो दिवस आठवला. बारा वर्षांपूर्वीचा. उंदराने वायर कुरतडली होती आणि रस्त्यावरची वीज गेली होती. इस्त्री थंडगार. सासरे दारात उभे, घड्याळाकडे पाहत. त्यांना बसस्टँडवर जायचं होतं, धाकटीला पाहायला येणाऱ्या मुलाला आणायला. मुलगा कंपनीत आहे, मुलगा हुशार आहे, मुलगा किती नम्र आहे, हे त्यांनी पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. दिवेवाल्याने तारा नुसत्या पिळल्या, चडफडत टेप मारला, दोरा बांधला आणि म्हणाला, ‘उद्या आणा, सोल्डर मारतो.’ दुसऱ्या दिवशी सासरे विसरले. दिवेवाला विसरला नव्हता, तो फुगून बसला होता. आठवडाभराने मग खरंच विसरला. आणि पुढे दोरा दिसला की आपलंच पक्कं काम समजून बोट पुढे सरकायचं. टेस्ट-लॅम्पनेही त्याला फसवलं होतं. तो बल्ब एवढासा, त्याला पेटायला करंट लागतो चिमूटभर, तेवढा या सडक्या जोडातूनही जात होता. मोठा दिवा लावला की मात्र सगळं तिथेच अडायचं. बॅटरी नीट भरतही नव्हती ती याच जोडामुळे.

पहिली गोष्ट त्याने केली ती ही, की कापलेली गाठ खिशात टाकली आणि इकडेतिकडे पाहिलं. पंक्चरवाला ट्यूब फुगवत होता. कुणीही पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, त्याला संताप आला. म्हणजे याला सापडलं होतं, आणि याने माझ्यावर दया केली. मला सांभाळून घेतलं. हा कोण मला सांभाळणारा?

आणि मग, इस्त्री तापेपर्यंत हातावर हात ठेवून बसल्यावर, त्याने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. साडूच्या कामात असली चूक मला सापडली असती तर? उत्तर यायला क्षणही लागला नाही. त्याने सगळा रस्ता गोळा केला असता. सासऱ्यांना, बायकोला, धाकटीला, पंक्चरवाल्याला, एकेकाला वाकवून दाखवलं असतं. आजवर तो साडूच्या काचेवर, खुर्च्यांवर, मीटरवर जळत होता. ते सगळं बाजारात मिळतं. हे मिळत नव्हतं, आणि हेच साडूकडे होतं. सात महिन्यांत वाटला नव्हता इतका हेवा त्याला त्या घटकेला वाटला.

त्याने जोड दिला, सोल्डर भरपूर पाजलं, वर टेप मारला. दोरा मात्र बांधला नाही. किक मारली. दिवा पांढराशुभ्र लागला, आणि इंजिन हळू केलं तरी जागचा हलला नाही.

‘मला ठाऊकच होतं,’ संध्याकाळी गाडी न्यायला आलेले सासरे म्हणाले. ‘शेवटी तुमचाच हात लागतो. काय होतं हो?’

‘वायर जुनी झाली होती.’

घरी बायकोने त्याला वाढता वाढताच बहिणीला फोन लावला. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज असा फुललेला होता. पलीकडून धाकटीचं बोलणं ताटापर्यंत ऐकू आलं. ‘हो ना, हे पहिल्यापासून म्हणतच होते, दादाच करतील.’ दिवेवाल्याचा घास तोंडात फिरत राहिला. खिशातली गाठ शर्टातून टोचत होती.

सकाळी सासरे तळ्यावरून परतताना ओल्या केसांनी दुकानासमोरून निघाले, तेव्हा तो रस्त्यात आडवा उभा राहिला. मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, ‘पुढे घ्या. त्या दुकानाशी.’ यात चांगुलपणा होता असं कुणी समजू नये. साडू त्याच्यापेक्षा वर उभा होता आणि ते त्याला सहन होत नव्हतं, एवढंच.

साडू काच पुसत होता. गाडी पाहून त्याचा चेहरा पडला. ‘काय झालं दादा, पुन्हा?’

‘मीटर काढ,’ दिवेवाला म्हणाला. त्याने स्वतःच टाकी उतरवली आणि समोरचा दिवा चालू केला. ‘हां. लाव.’

‘कुठे लावू?’

‘परवा जिथे लावला होतास तिथे.’

साडूने त्याच्याकडे पाहिलं. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली आणि दुसरी अल्याडच्या ठिपक्यात घातली. बारा पॉइंट तीन. पल्याडच्या ठिपक्यात घातली. बारा पॉइंट तीन.

‘आणि परवा इकडे किती होते?’

साडू सुई पुसू लागला.

‘सांग.’

‘नऊ,’ साडू पुटपुटला.

सासरे दोघांकडे आळीपाळीने पाहू लागले. दिवेवाल्याने खिशातून गाठ काढून सीटवर ठेवली. हिरवा भुगा सीटवर सांडला.

‘हा माझा जोड आहे, मामा. बारा वर्षांपूर्वीचा. सोल्डर न मारता बांधून दिला होता. बिघाड यातच होता, आणि तो याने शोधला. मी नाही.’ शेवटचे दोन शब्द बोलताना दाताखाली खडा आल्यासारखं झालं. तरी ते त्याने गिळले नाहीत.

सासऱ्यांनी गाठ उचलली, सातही वेढे पाहिले, मग खाली वाकून गुडघ्यावरची पट्टी चाचपली. ‘म्हणजे हा गुडघा तुमचा,’ ते म्हणाले. दिवेवाल्याने मान हलवली. ते साडूकडे वळले. ‘आणि तुला कधी सापडलं?’

‘पहिल्याच दिवशी.’

‘मग तीन दिवस गाडी का अडकवून ठेवलीस? मला वाटलं, तुला काही समजेनासं झालंय.’

साडूने मीटर बंद केला आणि वायरी हळूहळू त्याच्याभोवती गुंडाळल्या.

‘दादा रोज इथून जात होते,’ तो म्हणाला. ‘मला वाटायचं, आज आत येतील. आले असते तर त्यांनाच दाखवलं असतं, आमच्या आमच्यात. म्हणून टाकी उतरवूनच ठेवली होती.’

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर दिवेवाला बसला.